बिल कोण भरतो?

"तुझा बाप भरतो का रे इथलं बिल?"

हा प्रश्न मला गेल्या भाद्रपदात विचारला गेला. विचारणारे गृहस्थ माझ्याहून पंचवीस वर्षांनी मोठे आहेत आणि एरवी आपल्या डब्यातली अर्धी भाकरी मला काढून देणारे आहेत. त्यामुळे राग आला तरी तो टिकला नाही. प्रश्न मात्र टिकला. त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता जे मनात आले, ते माझ्या विद्यार्थी बंधुभगिनींपुढे आणि गुरुजनांपुढे मांडावे म्हणून हा लेख.

सकाळचे कॉलेज सुटले की बारा ते सहा मी इथल्याच एका पतसंस्थेत काम करतो. पावत्या फाइलला लावायच्या, पिग्मी एजंटांनी आणलेली वसुली संगणकावर चढवायची, खातेदारांची पासबुके छापून द्यायची, असे ते काम. पगार थोडा आहे, पण एस. टी. चा पास, पुस्तके आणि परीक्षेची फी त्यातून भागते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. तेव्हा फी भागते हीच मोठी गोष्ट.

तर झाले असे. दुपारी दीड वाजता सारी मंडळी मागच्या खोलीत जेवायला बसतात. पुढच्या हॉलमध्ये त्या वेळी चिटपाखरू नसते. पंखे मात्र सहाच्या सहा फिरत असतात आणि ट्यूबलाइट बाराच्या बारा जळत असतात. मला ते पाहवेना. मी रोज जेवणाआधी एक फेरी मारून बटणे बंद करू लागलो. कोणाला विचारले नाही, कोणाला सांगितले नाही. पाचव्या की सहाव्या दिवशी मी रेकॉर्डच्या खोलीचेही बटण बंद केले. आत आमचे कॅशिअर अण्णा जुन्या कर्जाची फाइल काढायला स्टुलावर चढलेले होते. त्या खोलीला खिडकी नाही. अंधार झाला, स्टूल हलले, दोन गठ्ठे खाली आले आणि पाठोपाठ अण्णांच्या तोंडून तो प्रश्न आला.

अण्णा पडले नाहीत, हे माझे नशीब. पण "तुझा बाप भरतो का?" हे ऐकल्यावर मला माझा बाप खरोखरच डोळ्यांपुढे दिसला.

माझे वडील शेतीच्या मोटारीचे बिल भरत नाहीत. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांची वीज राज्य सरकारने २०२४ पासून मोफत केली आहे आणि आमची मोटार पाचाची आहे. पण बिल नाही म्हणून वीज फुकट मिळते असे नाही. दिवसा कारखाने, कचेऱ्या, दुकाने यांची मागणी मोठी असते. ती उतरली की शेतीच्या फीडरला थ्री फेज वीज सोडणे सोयीचे पडते. म्हणून आमच्याकडे आठवड्यातले काही दिवस दिवसाची पाळी आणि काही दिवस रात्रीची. रात्रीच्या पाळीला वडील बारा-एकला उठतात, एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात काठी घेऊन विहिरीवर जातात, आणि गुडघाभर चिखलात उभे राहून उसाला पाणी देतात. सापकिरडू, रानडुक्कर, थंडी हे सारे त्यात आलेच. आई तोवर जागीच असते. तेव्हा बिल कोण भरतो, या प्रश्नाचे माझे पहिले उत्तर असे, की कोणी पैशाने भरतो आणि कोणी झोपेने भरतो.

हे भावनेच्या भरात लिहिले असे कोणी म्हणेल. म्हणून हिशोबही देतो. जुना पंखा सुमारे ७५ वॉट घेतो असे धरतात. आमच्या कचेरीतल्या ट्यूब जुन्या, चोकच्या आहेत. चोकसकट एकीला पन्नासेक वॉट लागतात. सहा पंख्यांचे ४५० आणि बारा ट्यूबचे ६००, मिळून १०५० वॉट. जेवणाची पाऊण तास कचेरी रिकामी. शिवाय आमचे शिपाई मामा साडेनऊला येऊन झाडलोट करतात तेव्हाच सारी बटणे दाबून ठेवतात आणि मंडळी येतात साडेदहाला. म्हणजे दिवसाला पावणेदोन तास ही वीज रिकाम्या खुर्च्यांना वारा घालते. दिवसाचे सुमारे १.८४ युनिट झाले. महिन्याचे कामाचे पंचवीस दिवस धरले तर ४६ युनिट.

हा आकडा वहीत मांडल्यावर मी घरचे बिल काढून पाहिले. आमच्या घरी एक पंखा, चार दिवे आणि एक टी. व्ही. आहे. महिन्याचा वापर चाळीस युनिटच्या आत. म्हणजे आमचे पाच माणसांचे कुटुंब महिनाभर जेवढी वीज वापरते, तिच्याहून जास्त वीज त्या कचेरीत कोणीही नसताना संपते! इतके दिवस मी तिथे बसत होतो, पण ही गोष्ट मला हिशोब केल्यावरच कळली.

आता ही वीज येते कुठून? आपल्या राज्यातली बरीचशी वीज कोळशावर होते. चंद्रपूरचे औष्णिक केंद्र एकटेच २९२० मेगावॉट क्षमतेचे आहे. अशा केंद्रात एका युनिटमागे अर्ध्या किलोहून जास्त कोळसा जळतो. म्हणजे आमच्या रिकाम्या खुर्च्या दर महिन्याला तेवीस किलोच्या वर कोळसा जाळतात. त्याची राख आणि धूर आमच्या तालुक्यात येत नाही, ती चंद्रपूरकरांच्या वाट्याला जाते. कोयनेचा प्रकल्प १९६० मेगावॉटचा. संध्याकाळी राज्याची मागणी चढली की कोयनेची यंत्रे धावून येतात. त्या धरणाच्या जलाशयाखाली कित्येकांची गावे आणि शेते गेली. त्यांनीही या बिलातला आपला भाग केव्हाच भरला आहे. आपण बटण दाबतो आणि विसरतो. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते याहून वेगळे काय?

पण एवढे सारे पटले तरी सोबत काम करणाऱ्यांना ते पटवायचे कसे? खरी अडचण इथेच आहे. मी केलेल्या चुका सांगतो, म्हणजे दुसऱ्या कोणाला त्या कराव्या लागणार नाहीत.

पहिली चूक पाटी लावण्याची. 'वीज वाचवा, देश घडवा' असे मोठ्या अक्षरांत लिहून मी ती भिंतीवर चिकटवली. आठ दिवस ती पंख्याच्या वाऱ्याने फडफडत राहिली, नवव्या दिवशी पडली. कोणी वाचली असेल असे वाटत नाही. राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन दर वर्षी १४ डिसेंबरला पाळतात. त्या दिवसाच्या एका कार्यक्रमाला मी श्रोता म्हणून गेलो होतो. भर दुपारी खिडक्यांचे पडदे ओढून, सारे दिवे लावून, विजेच्या बचतीवर तासभर व्याख्यान झाले. माझ्या पाटीची जात त्या व्याख्यानाचीच होती.

दुसरी चूक म्हणजे न विचारता बटणे बंद करणे. तिचे फळ वर सांगितलेच आहे. आपण वयाने लहान, नोकरीत सर्वांत नवे, आणि कोणाच्या डोक्यावरचा पंखा परस्पर बंद करायचा, याला बचत म्हणत नाहीत, आगाऊपणा म्हणतात. अण्णांचे त्यात चुकले असे आज मला वाटत नाही.

त्या प्रसंगानंतर मी दोन दिवस गप्प होतो. तिसऱ्या दिवशी शिपाई मामांबरोबर चहा पिताना मी सहज विचारले, "मामा, सकाळी एकदम सगळी बटणं का हो दाबता?" मामा म्हणाले, "मग काय करू? चौदा बटणं हायती. कुठलं कशाचं, कुणाला ठावं? एक दिवा लावायला पाच दाबून बघावी लागत्यात. त्यापरीस सगळीच दाबतो."

मित्रहो, मी महिनाभर ज्याला निष्काळजीपणा समजत होतो, ते एवढ्यावरच होते! बटणांना नावे नव्हती. त्याच संध्याकाळी मामा आणि मी मिळून प्रत्येक बटण दाबून पाहिले आणि त्याच्याखाली कागदाची पट्टी चिकटवली: काउंटर पंखा, कॅश दिवा, मॅडम पंखा, दारातला दिवा. दुसऱ्या दिवसापासून मामा झाडताना दोनच दिवे लावू लागले. ना व्याख्यान, ना पाटी. खर्च फक्त चिकटपट्टीचा.

यातून मला एक गोष्ट कळली. माणसे उधळी असतात म्हणून वीज वाया जाते असे नेहमीच नसते. पुष्कळदा वाया घालवणे सोपे असते आणि वाचवणे अवघड असते, म्हणून ती जाते. ते उलटे करून ठेवले की निम्मे काम होते.

दुसरी गोष्ट मीटरची. कचेरीचा मीटर जिन्याखाली, कोणाच्या नजरेस न पडणारा. मामा आणि मी दर शनिवारी त्याचा आकडा पाण्याच्या माठाजवळच्या कॅलेंडरवर लिहू लागलो. कोणाला काही म्हटले नाही. तिसऱ्या शनिवारी पिग्मी एजंटच विचारू लागले, "काय रे, या हप्त्यात किती झाले?" आकड्यांत राहणारी माणसे ती. एक आठवडा आकडा वाढला तेव्हा त्यांनीच शोध लावला, की रविवारी सुट्टी असूनही पाण्याचा कूलर आणि दोन संगणक चालूच राहिले होते.

पण मग अण्णांनी एक वाजवी शंका काढली. ते म्हणाले, "आपण उकाड्यात बसून वाचवायचं आणि फायदा संस्थेला. आपल्याला काय?" या प्रश्नाला देशाचे नाव घेऊन उत्तर देणे सोपे होते. पण ते उत्तर खोटे वाटले असते. मी म्हणालो, "अण्णा, माणूस बसला असेल तिथला पंखा कोणीच बंद करायचा नाही. उठून गेल्यावरचा करायचा." एवढ्याने ते थोडे निवळले. पुढे त्यांनी स्वतःच मॅनेजर साहेबांपुढे गोष्ट काढली, की बाहेरच्या बाकावर म्हाताऱ्या खातेदार बाया तासन्‌तास बसतात, तिथे पंखा नाही. बिल उतरले तर तेवढा एक पंखा बसवा. साहेबांनी दिवाळीनंतर बसवला. नव्या प्रकारचा आहे, तीसेक वॉटच घेतो. वीज वाचवणे म्हणजे घामात बसणे नव्हे; ती जिथे कोणी नाही तिथून काढून जिथे माणूस आहे तिथे नेणे, हे मला त्या पंख्याने जितके समजावले तितके कुठल्या पुस्तकाने समजावले नाही.

साहेबांच्या खोलीतल्या ए. सी. विषयी मी बोललो नाही. आजही बोललेलो नाही. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या सांगण्याप्रमाणे ए. सी. चे तापमान एक अंशाने वर ठेवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते. म्हणूनच जानेवारी २०२० पासून नव्या ए. सी. मध्ये २४ अंश हे तापमान कारखान्यातूनच ठरवून येते. आमच्या साहेबांचा ए. सी. १८ वर असतो आणि आत जाणाऱ्या मॅडम शाल घेऊन जातात. पण सर्वांत धाकट्या नोकराने सर्वांत वरच्या साहेबाला हे सांगायचे कसे? ही अडचण मी लपवत नाही. खालच्यांनी पंखा बंद करायचा आणि वरच्यांनी ए. सी. चालू ठेवायचा, असे झाले तर खालचेही फार दिवस ऐकणार नाहीत. वरच्या माणसाने न बोलता एक बटण बंद केले तर त्याला माझ्यासारख्याच्या शंभर विनंत्यांचे वजन असते. कचेरीतले असोत वा अन्य कुठले, थोरांनी एवढे मनावर घ्यावे.

दिवाळीपूर्वीच्या महिन्यात आमचे बिल ४१२ युनिटचे होते, डिसेंबरचे ३३० चे आले. यातले काही श्रेय थंडीचे आहे, हे कबूल केले पाहिजे. थंडीत पंखे कोण लावतो! खरा कस येत्या चैत्र-वैशाखात लागेल.

आता थोडे आमच्या घरचे. आम्ही शेतकरी तरी कुठे धुतल्या तांदळाचे आहोत? आमच्या मोटारीला ऑटो स्वीच आहे. वीज आली की मोटार आपोआप सुरू होते. कधी वडिलांना जाग येत नाही आणि पाणी बांध फोडून ओढ्याला जाते. वीजही गेली आणि पाणीही. कचेरीतले शहाणपण मी त्यांना सांगायला गेलो, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "मग उद्या रातच्याला तू ऊठ." मी उठलो. पहाटे पाचला परत आलो आणि पहिल्या तासाला वर्गात झोपलो. (ज्या सरांनी मला उठवले त्यांची इथे क्षमा मागतो.) त्या रात्रीपासून ऑटो स्वीचविषयी मी तोंड उघडलेले नाही. पंपाला दिवसा वीज मिळाली तर हा अपव्यय आपोआप थांबेल. सौर कृषी वाहिनी योजना राज्यात २०१७ मध्ये सुरू झाली, तिचे काम झालेल्या भागात दिवसा वीज मिळू लागली आहे. आमच्या फीडरची पाळी यायची आहे. सांगायचे एवढेच, की ज्याला उपदेश करायचा त्याच्या जागी एक रात्र उभे राहून पाहावे. मग उपदेश निम्मा होतो आणि उपाय सुचतो.

आई एक जुनी गोष्ट सांगते. भारनियमनाच्या दिवसांत, २००५ नंतर, महावितरणची अक्षय प्रकाश योजना होती. गावाने ठरलेल्या वेळी मोटारी, गिरण्या, शेगड्या स्वतःहून बंद ठेवायच्या आणि त्या बदल्यात घरातले दिवे चालू राहायचे. आमच्या गावात पोरे संध्याकाळी चक्कर मारत. कोणी चोरून शेगडी लावली तर दुसऱ्या दिवशी डेअरीवर दूध घालताना त्याला सगळ्यांदेखत विचारत, "काल आमच्या पोरांचा दिवा का घालवला?" दंड नव्हता, पोलीस नव्हते. गाव करी ते राव न करी. आमच्या कचेरीत आणि आमच्या कॉलेजात अशी 'गावकी' नाही, एवढाच फरक. कचेरी साहेबांची, कॉलेज संस्थेचे, बिल कोणाचे तरी. आपले म्हणून काही नाही, म्हणून बंद करणाराही कोणी नाही.

आणि आपल्या वर्गांकडे पाहिले की मला जास्त वाईट वाटते. आपल्यापैकी निम्म्यांहून अधिक जण खेड्यांतून येतात. कोणाचे वडील, कोणाचा भाऊ कालच्या रात्री दाऱ्यावर उभा होता. तरीही शेवटचा तास संपला की आपण दप्तरे उचलून एस. टी. कडे पळतो आणि मागे पंखे तसेच फिरत राहतात. घरी आई दिवा मालवायला सांगते तेव्हा आपण मालवतो. इथे सांगायला आई नाही.

मी वहीत आणखी एक हिशोब केला. आमच्या कचेरीच्या रिकाम्या खुर्च्यांची वर्षाची वीज साडेपाचशे युनिट होते. वडिलांची पाच अश्वशक्तीची मोटार आठ तासांच्या एका पाळीत तीसेक युनिट घेते. म्हणजे वर्षभराची ती सारी नासाडी त्यांच्या अठरा रात्रींएवढी. आमचे पंखे बंद केले म्हणून ती वीज उचलून कोणी आमच्या विहिरीवर आणून देणार नाही, हे मला कळते. राज्याच्या मानाने अठरा रात्री म्हणजे काहीच नाहीत. हे मी वडिलांना वाचून दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अठरा रात्री कमी नसत्यात."

तेव्हा माझ्या सूचना मोठ्या नाहीत. प्रत्येक वर्गातल्या बटणांना नावे असावीत. वर्गातून शेवटी बाहेर पडेल त्याने बटणे बंद करावीत, मग तो विद्यार्थी असो की प्राध्यापक. आणि कॉलेजच्या मीटरचा आकडा दर सोमवारी सूचना फलकावर लिहिला जावा. कोणाला टोचून बोलायचे नाही, कोणाच्या डोक्यावरचा पंखा बंद करायचा नाही.

पट्ट्या मी करून ठेवल्या आहेत. प्राचार्यांची परवानगी मिळाली की पहिल्या तासाआधी, सव्वासातला, खालच्या मजल्यापासून सुरुवात करीन. चौदा बटणांना दोन माणसे लागतात, एक दाबायला आणि एक वर पाहायला. ज्याला यायचे त्याने यावे.

(द्वितीय वर्ष, कला)